नवनगराच्या आराखड्यात गावचा ओढा, माळ आणि बारव कशी राखता येईल?

शिवारकर (जालना जिल्हा)

नमस्कार. आमचे गाव समृद्धी महामार्गाच्या एका इंटरचेंजपासून फार दूर नाही. गावच्या शिवाराचा मोठा भाग नवनगरासाठी, म्हणजे महामार्गालगत वसवायच्या नव्या शहरासाठी, घेतला जाणार असल्याची चर्चा बरेच दिवस चालू होती आणि आता मोजणीची माणसे येऊन गेल्यामुळे ती नुसती चर्चा राहिलेली नाही. गावाचा नवनगराला विरोध नाही, हे सुरुवातीलाच नमूद करतो. कोरडवाहू जमिनीवर दोन भावांचेही भागत नाही आणि शिकलेली मुले पुण्याला जातात ती परत येत नाहीत, त्यामुळे जवळ रोजगार उभा राहत असेल तर तो सर्वांनाच हवा आहे.

माझी काळजी वेगळी आहे. गावाच्या उत्तरेला गायरानाचा माळ आहे. त्या माळावरचे पाणी एका ओढ्यातून खाली येते आणि ओढ्याच्या काठी, माळ संपून काळी जमीन सुरू होते नेमक्या त्या ठिकाणी, जुनी दगडी बारव आहे. बारवेत उतरायला तीन बाजूंनी पायऱ्या आहेत, आतल्या भिंतीत देवकोष्ठे आहेत, त्यांपैकी एकात झिजलेला गणपती अजून ओळखू येतो. शेजारी खंडोबाचे लहान देऊळ आहे. गावाच्या वेशीपासून देवळापर्यंत लिंब आणि बाभळींची पाणंद जाते. चंपाषष्ठीची पालखी तिथूनच जाते आणि पोळ्याचे बैलही तिथूनच येतात. यांपैकी एकाही गोष्टीला सरकारी संरक्षण नाही. मोजणीच्या वेळी ज्या कच्च्या नकाशाची प्रत पाहायला मिळाली त्यात माळ ‘पडीक’ म्हणून दाखवलेला होता, ओढ्याची एक बारीक रेघ होती आणि बारव नव्हतीच.

जाणकारांना माझे विचारणे असे आहे की, नव्या शहराचा आराखडा होत असताना अशा गोष्टी राखण्याची कायद्यात काही तरतूद आहे का, गावाने कोणत्या टप्प्यावर काय करायला हवे, आणि मराठवाड्यात पूर्वी झालेल्या नव्या वसाहतींच्या अनुभवावरून आम्ही काय शिकावे?

आराखडा (निवृत्त, नगररचना)

आपण योग्य वेळी विचारले आहे. बहुतेक गावे हा प्रश्न रस्त्याची आखणी झाल्यावर विचारतात आणि तोवर हलवण्याजोगे फारसे काही उरलेले नसते.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 हा यातील मूळ कायदा आहे. विकास योजनेत कोणत्या बाबी असाव्यात हे सांगणाऱ्या त्याच्या कलम 22 मध्ये निसर्गरम्य क्षेत्रांचे व भूदृश्यांचे जतन आणि ऐतिहासिक, नैसर्गिक, वास्तुशास्त्रीय महत्त्वाच्या स्थळांचे जतन या दोन्हींचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे ओढा आणि बारव राखण्याची मागणी करताना आपण कोणाकडे मेहेरबानी मागत नसता, तर कायद्याने योजनेत जे असावे असे म्हटले आहे तेच दाखवून देत असता. अर्जाची भाषाही तशीच असावी. ‘भावना दुखावतील’ अशा वाक्यांपेक्षा ‘कलम 22 नुसार’ ही सुरुवात अधिक उपयोगी पडते, हे मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने अनेकदा पाहिले आहे.

आता टप्प्याविषयी. आराखड्याच्या आधी विद्यमान भू-वापर नकाशा तयार होतो. आज त्या जमिनीवर प्रत्यक्ष काय आहे, हे त्यात दाखवायचे असते. सगळी गोम इथे आहे. जे या नकाशात आले नाही ते आराखडा काढणाऱ्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते, कारण तो शहरातल्या कार्यालयात बसून उपग्रहाच्या छायाचित्रावर रेघा ओढत असतो आणि झाडीत झाकलेली बारव वरून एखाद्या झुडपासारखी दिसते. म्हणून हरकती-सूचनांची वाट न पाहता ग्रामसभेचा ठराव करून गट क्रमांक, मोबाईलवर घेतलेले अक्षांश-रेखांश, छायाचित्रे आणि प्रत्येक ठिकाणाविषयी चार ओळी अशी यादी आत्ताच नियोजन प्राधिकरणाला द्यावी आणि पोच घ्यावी. पुढे प्रारूप योजना प्रसिद्ध झाली की सूचनेत दिलेल्या मुदतीत तीच यादी हरकत म्हणून पुन्हा द्यावी व सुनावणीला स्वतः हजर राहावे.

आणखी एक व्यवहार्य मार्ग सांगतो. डिसेंबर 2020 पासून राज्याच्या बहुतेक भागात लागू असलेल्या एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार 0.4 हेक्टरपेक्षा मोठ्या अभिन्यासात, म्हणजे भूखंड पाडण्याच्या लेआउटमध्ये, किमान 10 टक्के जागा मोकळी सोडावी लागते. प्रत्यक्षात ही जागा कोपऱ्यात, जिथे भूखंड पडत नाही अशा तिरक्या तुकड्यात सोडली जाते. शेजारशेजारच्या अभिन्यासांची ही मोकळी जागा ओढ्याच्या काठाने सलग सोडायला लावली, तर एक गुंठाही जास्तीचा न घेता ओढ्याला श्वास घ्यायला पट्टा मिळतो. ही सूचना लेखी द्या, कारण ती मान्य करायला अधिकाऱ्यांनाही अडचण नसते.

गंगापूरकर

मी थोडे विरुद्ध बोलतो, कृपया गैरसमज नसावा. ज्यांची जमीन जाते त्यांच्या दृष्टीने भूखंड किती आणि कुठे मिळणार हाच पहिला प्रश्न असतो. वारशाच्या नावाखाली एकदा एखादी जागा नोंदली गेली की आजूबाजूच्या शंभर मीटरमध्ये वीटही रचता येत नाही, घराचे पत्रे बदलायचे म्हटले तरी परवानगीसाठी हेलपाटे घालावे लागतात, असे वेरूळ-दौलताबादच्या बाजूचे नातेवाईक सांगतात. निसर्गसौंदर्य शहरातून येणाऱ्या पाहुण्यांना दिसते. आम्हाला त्या माळावर कुसळे दिसतात आणि रात्री पिकात शिरणारी काळविटे दिसतात. शिवारकरांनी बारव जरूर जपावी, पण तिच्यापायी चार घरांचे भूखंड अडकले तर गावच बारवेच्या विरोधात उभे राहील, याचा विचार आधी करावा.

आराखडा (निवृत्त, नगररचना)

गंगापूरकर, आपली भीती खोटी नाही, पण ती इथे लागू पडत नाही. शंभर मीटरचे प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढील दोनशे मीटरचे विनियमित क्षेत्र ही तरतूद केंद्र सरकारने संरक्षित केलेल्या स्मारकांसाठी आहे. 2010 च्या दुरुस्तीने ती कायद्यात आली. तिथेही जुन्या घराच्या दुरुस्तीला परवानगी मिळू शकते, मात्र ती मिळवण्यासाठी लागणारा वेळ आणि त्रास खरा आहे, हे मान्य करतो. शिवारकरांच्या गावची बारव अशा यादीत नाही. स्थानिक विकास योजनेत तिला वारसास्थळ म्हणून दाखवले तर वेगळे नियम लागतात. त्यात वास्तूच्या श्रेणीनुसार बंधने कमी-जास्त असतात आणि वारसा इमारतीच्या मालकाला न वापरता आलेल्या बांधकामाच्या बदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देण्याची सोयही आहे. भूखंड अडकू नयेत हा आपला मुद्दा मात्र यादी करणाऱ्यांनी मनावर घ्यावा. बारव, देऊळ आणि ओढ्याचा काठ मिळून एकच सार्वजनिक जागा आखली आणि ती गायरानातून किंवा अभिन्यासाच्या मोकळ्या जागेतून भागवली, तर कोणाच्याही वाट्याला कात्री लागत नाही.

औशाची लेक

मी किल्लारीच्या परिसरातील पुनर्वसित गावात वाढले. माझा जन्म 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतरचा, त्यामुळे जुने गाव मी आजीच्या तोंडूनच ऐकले आहे. नवे गाव वसवताना काय होते हे मराठवाड्यात आमच्याइतके कोणी पाहिले नसेल, म्हणून लिहिते.

लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील 52 गावे तेव्हा नव्या जागी वसवली गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवर वर्षानुवर्षे मातीचे थर चढलेली माळवदे यांच्याखाली माणसे गेली होती. त्यामुळे जुन्या घरांची आठवण सगळ्यांनाच नकोशी झाली होती आणि ते अगदी साहजिक होते. नवी घरे मजबूत बांधली गेली. जमीनधारणेप्रमाणे 250, 400 आणि 750 चौरस फुटांची घरे ठरली, रुंद सरळ रस्ते आखले गेले. ज्यांनी ते काम केले त्यांचे ऋण आम्ही विसरलेलो नाही.

पण आखणी करताना गाव म्हणजे घरांची रांग एवढेच धरले गेले. आजी सांगते की जुन्या गावात बायका दुपारी वाड्याच्या ओसरीवर किंवा बोळात बसायच्या. नव्या गावात रस्ता इतका रुंद झाला की समोरच्या घरातल्या बाईशी बोलायला ओरडावे लागे. जनावरांचा गोठा घरापासून तुटला. कित्येकांचे शेत लांब पडले. वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्या येळवशीला, कडब्याची कोप करून शेतात पांडव मांडतात, आंबील आणि भज्जी घेऊन सगळे घर शेतावर जाते. पूर्वी डोक्यावर आंबिलीचा बिंदगा घेऊन बायका चालत जायच्या, नंतर त्यासाठी वाहन शोधावे लागू लागले आणि ज्यांच्याकडे वाहन नव्हते अशा म्हाताऱ्या घरीच राहू लागल्या. सण बंद पडला नाही, पण त्यातली माणसे कमी झाली.

शिवारकरदादा, तुमच्या यादीत पालखीची वाट आणि पोळ्याची वाट जरूर घाला. देऊळ सगळेच वाचवतात, देवळाकडे जाणारी वाट कोणी वाचवत नाही. नव्या शहरात सहापदरी रस्ता त्या पाणंदीला आडवा गेला तर पालखी कुठून ओलांडणार, हे आत्ताच विचारा.

जुन्या वाड्यांबद्दलही एक गोष्ट सांगते. भूकंपानंतर दुरुस्तीची जी कामे झाली त्यांत माळवदावरचा मातीचा भार कमी करणे, भिंतीच्या दोन्ही पाखांना जोडणारे आरपार दगड बसवणे आणि लाकडी खांब-तुळयांना तिरके आधार देणे असे साधे उपाय होते. ‘जुने म्हणजे धोक्याचे, पाडून टाका’ असे तुमच्या गावात कोणी म्हटले तर हे उपाय त्यांच्यापुढे ठेवा. मात्र अभियंत्याने तपासल्याशिवाय कोणालाही जुन्या माळवदाखाली राहू देऊ नका, एवढी विनंती आहे.

बारवांच्या वाटेवर

शिवारकर, आपण लिहिले आहे की बारव माळ संपून काळी जमीन सुरू होते तिथे आहे. माझ्या दृष्टीने आपल्या प्रश्नातले हे सर्वांत मोलाचे वाक्य आहे. बारव बांधणाऱ्यांनी ती जागा उगाच निवडलेली नाही. आपल्याकडे खाली काळा पाषाण आहे आणि त्यात पाणी साठते ते वरच्या मुरमाच्या व झिजलेल्या खडकाच्या थरात. माळाचा मुरूम पाऊस पितो, ते पाणी उताराने हळूहळू सरकते आणि जिथे उतार सपाट होतो तिथे हाताशी येते. तेव्हा बारवेचे पाणी म्हणजे माळाचेच पाणी आहे. माळावर डांबर आणि काँक्रीट पसरले की बारवेच्या दगडाला धक्का न लावताही ती कोरडी पडते.

नव्या वसाहतींत नेमके हेच घडताना मी पाहिले आहे. बारवेभोवती लोखंडी जाळी येते, फरशी बसते, नावाचा फलक लागतो, रात्री रंगीत दिवे लागतात, आणि आत पाण्याच्या जागी पाण्याच्या बाटल्या साठतात. काही ठिकाणी तर वरच्या वस्तीचे सांडपाणी पाझरून आत येते, म्हणजे कोरडी पडली असती तर बरे, अशी वेळ येते.

जुन्या लोकांनी पाण्याचा विचार किती लांबून केला होता याची दोन उदाहरणे आपल्या भागातच आहेत. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवले तेव्हा तेही एक नवनगरच होते. कमी पावसाच्या मुलखात राजधानी वसवायची म्हणून त्याने डोंगरपायथ्याचे भूजल जमिनीखालच्या नहरींतून शहरात आणले. वाटेत दाब सांभाळण्यासाठी मनोरे उभारले. पुढे शहर वाढताना त्या नहरींच्या माथ्यावर घरे, रस्ते आणि कूपनलिका आल्या, आणि त्यामुळे ते जाळे ठिकठिकाणी तुटले. दुसरे उदाहरण बीडच्या खजाना बावडीचे आहे. सोळाव्या शतकातील ही विहीर भुयारी मार्गांनी पाणी घेते आणि भुयारी मार्गानेच ते शेतीला देते. ती बावडी राखायची तर नुसता विहिरीचा गोल राखून भागणार नाही, तिच्या भुयारांवरची जमीनही राखावी लागेल.

म्हणून आराखड्यात बारवेपुरते चार गुंठे मागू नका. ओढ्याचे पाणलोट क्षेत्र मागा. सगळा माळ मोकळा राहणार नाही हे मलाही समजते, पण ओढ्याच्या दोन्ही काठांचा पट्टा आणि बारवेच्या वरच्या अंगाचा उतार बिनबांधकामाचा ठेवावा, तिकडे सेप्टिक टाकी व कूपनलिका होऊ नयेत, एवढी मागणी मान्य होण्याजोगी आहे.

बारव साफ करायची झाल्यास गावाने श्रमदानातून गाळ काढावा. परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यातील वालूरची चक्राकार बारव गाळाने भरली होती, ती गावकऱ्यांनीच मोकळी केली आणि आज लोक ती पाहायला येतात. आपण मात्र आधी प्रत्येक पायरीची छायाचित्रे काढा. गाळात निघणारा मूर्तीचा तुकडा किंवा कोरीव दगड बाजूला टाकून देऊ नका, जागेवरच नोंदवून ठेवा. सांध्यांत सिमेंट भरू नका. जुने बांधकाम बिनचुन्याचे किंवा चुन्याचे असते, दगडांच्या फटींतून पाणी आत येण्यासाठीच ते तसे रचलेले असते आणि सिमेंटने त्या फटी बुजल्या की मागे पाण्याचा दाब साठून भिंत पोटातून फुगते. पिंपळाचे मूळ ओढून काढण्याचा मोह आवरा, त्याच्यासोबत दगड निसटतात. खोड कापून मूळ हळूहळू मरू द्यावे आणि हे काम जाणकाराच्या देखरेखीखालीच करावे.

माळटिटवी

मला फक्त माळाविषयी बोलायचे आहे. महसुली भाषेत ‘पडीक’ म्हटल्याने माळ ओसाड ठरत नाही. मराठवाड्यात जंगल मुळातच थोडे आहे. लातूर, जालना यांसारख्या जिल्ह्यांत तर नावापुरते. इथल्या निसर्गाचे खरे रूप म्हणजे गवताळ माळरान. पावसाळ्यात त्यावर पवना आणि मारवेल वाढते, मेंढपाळ वाड्यांचे कळप त्यावर जगतात, तितर, चंडोल, धावीक जमिनीवरच अंडी घालतात आणि हिवाळ्यात दूरदेशीचे भोवत्या हे शिकारी पक्षी त्यावर घिरट्या घालतात. गंगापूरकरांना पिकात दिसणारी काळविटे माळ तुटत गेल्यामुळेच पिकात येतात.

नवनगरात ‘हरित पट्टा’ म्हणून माळाचा एखादा तुकडा सुटलाच तर त्यावर खड्डे खणून गुलमोहर, सप्तपर्णी लावण्याचा कार्यक्रम हमखास होतो. हेतू चांगला असतो, पण त्याने माळ जातो. झाडे पाणंदीला, ओढ्याला आणि रस्त्याकडेला लावावीत. गवताला गवत राहू द्यावे. पाणंदीवरच्या जुन्या लिंबांविषयी एक माहिती उपयोगी पडेल: वृक्षसंरक्षणाच्या राज्य कायद्यात 2021 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार 50 वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष मानले जाते. तो कायदा नागरी क्षेत्राचा आहे, म्हणजे नवनगर झाल्यावर तो आपल्या कामी येईल. पण तोवर झाडे उभी राहावीत यासाठी आजच घेर मोजून यादी करा.

जैवविविधता अधिनियम, 2002 नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असणे अपेक्षित आहे. बऱ्याच ठिकाणी ती नोंदवही कपाटात असते. आपल्या गावची बाहेर काढा, त्यात माळाची नोंद आहे का पाहा आणि नसल्यास मेंढपाळांना बोलावून ती करून घ्या, कारण कोणत्या महिन्यात माळावर काय असते हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते.

शिवारकर (जालना जिल्हा)

सर्वांचे मनापासून आभार. गंगापूरकरांचेही, कारण गावच्या बैठकीत हाच मुद्दा सर्वांत आधी निघेल आणि त्याचे उत्तर आता हाताशी आहे. औशाच्या ताईंचे लिखाण घरी आईला वाचून दाखवले. पालखीच्या वाटेचा मुद्दा ठरावात पहिला घेतो.

एक अडचण मात्र राहते. बारव ज्या गटात आहे त्या गटाच्या सातबाऱ्यावर तिचा उल्लेख नाही. देवळाचाही नाही. गट खासगी मालकीचा दिसतो आणि मालक गावात राहत नाहीत. अशा वेळी बारव सार्वजनिक आहे हे कशावरून दाखवायचे?

आराखडा (निवृत्त, नगररचना)

सातबारा हा अलीकडचा कागद आहे, त्याच्या मागे जा. मराठवाडा 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या नोंदी वेगळ्या नावांनी सापडतात. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात खासरा पाहणी पत्रक (जमिनीची व कब्जाची जुनी नोंद) मागा आणि भूमी अभिलेख कार्यालयात सेतवार (जुन्या मोजणीची नोंदवही) व गाव नकाशाची प्रमाणित प्रत मागा. गाव नकाशावर ओढा, पाणंद, विहीर आणि देऊळ यांच्या खुणा बहुधा असतात. ओढा तिथे दाखवलेला असेल तर कच्च्या नकाशातली बारीक रेघ तेवढ्या पुराव्यावर दुरुस्त करून मागता येते. खंडोबाच्या पूजेसाठी किंवा दिवाबत्तीसाठी कधीकाळी इनाम जमीन असेल तर त्याचा मुंतखब, म्हणजे इनामाचा जुना दाखला, निघू शकतो, आणि त्यात देवळासोबत बारवेचाही उल्लेख असण्याची शक्यता असते. या कागदांपैकी काही उर्दूत असतात, म्हणून वाचणारा माणूस सोबत न्या. जुन्या गावांत असा एखादा ज्येष्ठ अजूनही भेटतो.

कागद निघाला नाही तरी मागणी सोडू नका. विकास योजनेत खासगी जमिनीवरही सार्वजनिक प्रयोजनासाठी आरक्षण टाकता येते आणि मालकाला त्याचा मोबदला किंवा विकास हक्क मिळतो, म्हणून मालक गावाबाहेर असले तरी त्यांना आधी पत्राने कळवा. त्यांची संमती ठरावाला जोडली गेली तर सुनावणीत कोणी हरकत घेण्याचे कारणच उरणार नाही. यादीत प्रत्येक ठिकाणापुढे जुना सर्व्हे क्रमांक आणि आताचा गट क्रमांक हे दोन्ही लिहा, कारण जमिनींच्या एकत्रीकरणानंतर क्रमांक बदललेले असतात आणि जुन्या कागदाचा नव्या नकाशाशी मेळ बसला नाही तर सगळी मेहनत तांत्रिक कारणावर अडते.